डार्लिंगहर्स्टचा दगडी तुरुंग: इतिहास सांगायचा तो कोणाचा?

अश्मक (धागाकर्ता)

सिडनीत टेलर स्क्वेअरच्या मागच्या बाजूला पिवळसर वालुकाश्माच्या उंच भिंतींआड एक कलाशाळा भरते. आज तिथे चित्रकला, शिल्पकला आणि मातीकाम शिकवले जाते. परंतु १८४१ पासून १९१४ पर्यंत हा डार्लिंगहर्स्टचा तुरुंग होता आणि न्यू साउथ वेल्स वसाहतीतल्या कितीतरी गाजलेल्या खटल्यांचा शेवट याच आवारात फाशीच्या तख्तावर झाला. बाहेरच्या भिंतीचे काम १८२२ मध्ये सुरू झाले आणि १८२४ मध्ये संपले, तेही कैद्यांच्याच हातून. पुढे निधी नसल्यामुळे भिंतीच्या आतली जागा बारा वर्षे रिकामी पडून होती. १८३६ मध्ये कोठड्यांची बांधणी हाती घेण्यात आली आणि ७ जून १८४१ रोजी जॉर्ज स्ट्रीटवरच्या जुन्या, मोडकळीला आलेल्या तुरुंगातील कैद्यांना बेड्या घालून, शहरातून चालवत इथे आणण्यात आले. संपूर्ण संकुल पुरे व्हायला मात्र १८८५ साल उजाडले.

या वास्तूविषयी जे वाचायला मिळते त्यात घडीव चिऱ्यांचे, सांध्यांच्या नेमकेपणाचे आणि उन्हात उजळणाऱ्या रंगाचे वर्णन भरपूर असते. ते खोटे नाही. तरीही भिंत कोणी बांधली, आत कोण होते, कोणत्या कायद्याने होते आणि त्यांचे पुढे काय झाले, हे त्या वर्णनात शेवटच्या परिच्छेदात येते किंवा येतच नाही. माझे मत असे की अशा वास्तूचा इतिहास माणसांपासून सुरू व्हायला हवा आणि दगड त्यांच्या मागून यायला हवा. जाणकारांनी कृपया दोन गोष्टींवर लिहावे: या तुरुंगाचा इतिहास नेमका कसा सांगावा, आणि अशा जागी कलाशाळा असणे योग्य आहे का?

वास्तुवेध

आधी आराखड्याबद्दल लिहितो, कारण इथे माणसांना कसे वागवायचे हे आराखड्यानेच ठरवले होते. मॉर्टिमर लुइस हे १८३५ पासून वसाहतीचे शासकीय वास्तुविशारद होते. त्यांनी आधार घेतला तो फिलाडेल्फियाच्या ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शरीचा. जॉन हॅविलंड यांनी रचलेला तो तुरुंग १८२९ मध्ये सुरू झाला होता आणि मध्यापासून चाकाच्या आऱ्यांसारख्या बाहेर पसरणाऱ्या लांब इमारती ही त्याची खूण होती. त्यामागचा विचार असा, की कैद्याला इतर कैद्यांपासून संपूर्ण वेगळे ठेवावे, त्याला काम आणि बायबल द्यावे, म्हणजे एकांतात त्याला पश्चात्ताप होईल आणि तो सुधारून बाहेर पडेल. मध्यभागी उभ्या असलेल्या माणसाची नजर सगळीकडे पोहोचते, हा प्रशासनाचा फायदा वेगळाच.

आपल्याकडच्या वाचकांना हा आराखडा अंदमानच्या सेल्युलर जेलमुळे परिचयाचा आहे. ते १८९६ ते १९०६ या काळात बांधले गेले, म्हणजे डार्लिंगहर्स्टच्या कोठड्यांचे काम सुरू झाल्यानंतर साठ वर्षांनी, आणि ते विटांचे आहे. पण सात इमारती एका मनोऱ्यापासून निघतात ही मूळ कल्पना त्याच घराण्यातली. फरक केंद्रात आहे. अंदमानात मध्यभागी पहाऱ्याचा मनोरा आहे, डार्लिंगहर्स्टमध्ये मध्यभागी गोल चॅपल, म्हणजे प्रार्थनागृह, आहे. कैद्याच्या मनावर प्रार्थनेचा ताबा असावा, ही श्रद्धा त्या गोल इमारतीच्या जागेवरूनच कळते.

म्हणून अश्मक यांच्या मांडणीशी मी पूर्ण सहमत नाही. इथे दगड आणि माणूस वेगळे काढता येत नाहीत.

मैत्रेयी_प

एक प्राथमिक शंका आहे. इंग्लंडहून हद्दपार केलेल्या कैद्यांचीच ही वसाहत होती ना? संपूर्ण वसाहतच शिक्षा म्हणून असताना आणखी वेगळ्या तुरुंगाची गरज कशासाठी भासली?

दप्तरदार

मैत्रेयी, शंका प्राथमिक असली तरी सगळ्या चर्चेचा पाया तिथेच आहे. हद्दपार होऊन आलेला कैदी सहसा कोठडीत बंद नसे. त्याला एखाद्या जमीनमालकाकडे कामाला नेमून दिले जाई किंवा तो सरकारी टोळीत रस्ते, पूल आणि इमारतींवर राबत असे. सिडनीत सरकारी कामावरच्या पुरुष कैद्यांसाठी १८१९ मध्ये हाइड पार्क बराकी उघडल्या, त्याही मुख्यतः रात्री झोपण्यासाठी. तुरुंग लागे तो खटल्याची वाट पाहणाऱ्यांसाठी, वसाहतीत आल्यावर पुन्हा गुन्हा करणाऱ्यांसाठी आणि ज्यांना फाशी द्यायची त्यांच्यासाठी.

आता तारखा पाहा. न्यू साउथ वेल्सकडे होणारी हद्दपारी १८४० मध्ये थांबली. डार्लिंगहर्स्ट उघडले १८४१ मध्ये. म्हणजे बाहेरची भिंत हद्दपार कैद्यांनी उभारली, परंतु आतल्या कोठड्या जसजसा काळ गेला तसतशा इथेच जन्मलेल्या किंवा स्वखुशीने स्थलांतरित झालेल्या माणसांनी भरू लागल्या: दारू पिऊन रस्त्यावर पडलेले, घरदार-कामधंद्याविना फिरणाऱ्यांवरच्या भटकंतीच्या कायद्याखाली पकडलेले, दंड भरू न शकलेले, चोर, दरोडेखोर आणि खुनी. वसाहत ‘मुक्त’ समाज होऊ लागली तेव्हाच तिला स्वतःच्या माणसांसाठी एवढा मोठा तुरुंग लागला. या वास्तूची ओळख करून देताना ‘कैद्यांचा वारसा’ हा शब्दप्रयोग सरसकट केला जातो आणि त्यामुळे हा महत्त्वाचा फरक पुसला जातो.

अश्मसखी

दगडाची बाजू थोडी मांडते, कारण त्याच्याबद्दल लिहिणे म्हणजे माणसांकडे पाठ फिरवणे असे मला वाटत नाही.

हा हॉक्सबरी वालुकाश्म, ट्रायासिक काळातला. सिडनीचे सगळे बंदर याच खडकात कोरलेले आहे. खाणीतून काढला तेव्हा तो फिकट आणि तुलनेने मऊ असतो. हवा लागली की वरचा थर टणक होतो आणि दगडातल्या लोहाचे ऑक्सिडीकरण होऊन तो मधासारखा पिवळा दिसू लागतो. मात्र खारट ओल त्याला मानवत नाही. पाणी आत शिरून वाळले की क्षार साठतात आणि पापुद्रे सुटू लागतात. सिडनीचे मुख्य टपाल कार्यालय ज्या पिर्मंटच्या दगडाचे आहे त्या खाणींना खाणकामगारांनी ‘पॅराडाइज’, ‘पर्गेटरी’ आणि ‘हेल होल’ अशी नावे दिली होती. खाणमालक सॉन्डर्स यांच्या त्या खाणी १८५० च्या दशकातल्या आहेत, त्यामुळे डार्लिंगहर्स्टची भिंत त्यांच्याही आधीची ठरते.

बाहेरची भिंत जवळून पाहावी. चिऱ्याच्या दर्शनी बाजूवर टाकीचे घाव ओळीने दिसतात; काही ठिकाणी ते सरळ आणि समान अंतरावर आहेत, तर शेजारच्याच चिऱ्यावर तिरपे, खोल आणि घाईचे. अनेक चिऱ्यांवर एखादी खूण खोदलेली आढळते: फुली, बाण किंवा दोन-तीन रेघांची आकृती. कोणी किती दगड घडवले याचा हिशेब ठेवण्यासाठी या खुणा असत. तेव्हाच्या बहुतेक कैद्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळही उरलेली नाही, पण काहींची ही खूण दोनशे वर्षे टिकून आहे. ज्यांना माणसांपासून सुरुवात करायची आहे त्यांनी त्या खुणेपासून करावी असे मी सुचवेन.

आणखी एक. वालुकाश्मात सिलिका असते आणि तो घडवताना उडणारी धूळ फुप्फुसात साचते. सिडनीच्या वालुकाश्मावर काम करणाऱ्यांना होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार इतका सर्रास होता की न्यू साउथ वेल्सला १९२० मध्ये त्यांच्या नुकसानभरपाईसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. भिंत बांधणाऱ्या कैद्यांना असा कोणताही कायदा नव्हता.

स्पष्टोक्ती

अश्मसखी, माहिती उत्तम आहे आणि धुळीचा मुद्दा तर फारच महत्त्वाचा. तरीही आराखड्याच्या गुणगानाला मला हरकत घ्यायची आहे. वास्तुवेध यांनी एकांत, काम, पश्चात्ताप अशी जी योजना सांगितली, ती डार्लिंगहर्स्टमध्ये कागदावरच राहिली. इमारती एकेक करून उभ्या राहत होत्या आणि कैदी त्यापेक्षा वेगाने येत होते. एकासाठी आखलेल्या कोठडीत अनेक जण कोंबले की एकांताचे सगळे तत्त्वज्ञान संपते आणि उरतो तो फक्त कोंडवाडा.

कारभाराबद्दलही लिहिले पाहिजे. पहिले मुख्य तुरुंगाधिकारी हेन्री केक यांना विधान परिषदेच्या चौकशीनंतर १८४९ मध्ये पदावरून दूर करण्यात आले. कैद्यांच्या श्रमातून खाजगी फायदा उकळणे हा त्यांच्यावरच्या आरोपांचा गाभा होता. नवा, आदर्श म्हणून गाजवलेला तुरुंग पहिल्या आठ वर्षांतच इथवर आला होता.

आणि सुरुवातीच्या काळात फाशी दिली जाई ती दरवाजाबाहेर, जमावासमोर. जॉन नॅचबुल या माजी नौदल अधिकाऱ्याला १३ फेब्रुवारी १८४४ रोजी तिथेच फासावर चढवण्यात आले, तेव्हा हजारो लोक पाहायला जमले होते. त्याने एलन जेमिसन या दुकान चालवणाऱ्या विधवेचा खून केला होता. जाहीर फाशीची प्रथा वसाहतीत १८५५ मध्ये बंद झाली, त्यानंतर तख्ता आवाराच्या आत गेला.

दप्तरदार

स्पष्टोक्ती, नॅचबुलच्या खटल्याची एक बाजू पुढे नेतो. त्याचे वकील होते रॉबर्ट लो, जे पुढे इंग्लंडला परतून ग्लॅडस्टन यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. आरोपीला कृत्याची जाणीव असूनही स्वतःला आवरता येत नव्हते, हा बचाव त्यांनी मांडला आणि न्यायालयाने तो फेटाळला. त्याच रॉबर्ट लो आणि त्यांच्या पत्नीने खून झालेल्या एलन जेमिसनच्या दोन पोरक्या मुलांना घरी नेऊन वाढवले. इतिहास माणसांपासून सांगायचा असेल तर फाशी गेलेल्यांच्या बरोबरीने ही मुलेही त्यात आली पाहिजेत. तुरुंगाच्या कथांमध्ये ज्यांच्यावर गुन्हा घडला ती माणसे बहुधा नुसती नावे होऊन राहतात.

हेमलता_र

लुइसा कॉलिन्स यांचा उल्लेख अजून कोणीच कसा केला नाही? ८ जानेवारी १८८९ रोजी त्यांना डार्लिंगहर्स्टमध्ये फाशी झाली आणि न्यू साउथ वेल्समध्ये फाशी गेलेल्या त्या शेवटच्या स्त्री ठरल्या. दोन पतींना आर्सेनिक घालून मारल्याचा आरोप त्यांच्यावर होता. खटला चार वेळा चालला. तीन वेळा ज्यूरींचे एकमत झाले नाही आणि चौथ्या वेळी दुसऱ्या पतीच्या खुनाबद्दल दोषी ठरवण्यात आले. त्यांची लहानगी मुलगी मे हिने घरात उंदरांच्या विषाची डबी पाहिल्याची साक्ष दिली आणि ती आईच्या विरुद्ध गेली.

त्या वेळी दयेची याचना मोठ्या प्रमाणावर झाली, संसदेतही विषय निघाला, पण हेन्री पार्क्स यांचे सरकार बधले नाही. तीन वेळा ज्यूरींना खात्री पटली नाही, तर चौथ्यांदा त्याच बाईला उभे करण्याचा अधिकार सरकारला असावा का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. ज्यूरीतले, न्यायासनावरचे आणि मंत्रिमंडळातले सगळे पुरुष होते. न्यू साउथ वेल्समधल्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो १९०२ मध्ये. मी त्यांना निर्दोष म्हणत नाही. परंतु ज्या पद्धतीने त्यांना दोषी ठरवले ती पद्धत आजही मनाला खटकते.

स्त्री कैद्यांची इमारत वेगळी होती. कलाशाळेने तिच्यातल्या कोठड्या आणि मधले मजले काढून टाकले आणि १९५० च्या दशकात तिथे ‘सेल ब्लॉक थिएटर’ नावाचे उंच सभागृह केले. सभागृह म्हणून ते सुंदर आहेच. पण स्त्रियांच्या तुरुंगवासाचा ठाव सांगणारी अंतर्रचना त्यात कायमची गेली, याची हळहळ वाटते.

मैत्रेयी_प

दप्तरदार आणि हेमलता, दोघांचेही आभार. जेमिसन यांच्या मुलांबद्दल प्रथमच वाचले.

दूरचा_पांथस्थ

अँड्र्यू जॉर्ज स्कॉट, म्हणजे ‘कॅप्टन मूनलाइट’ या टोपणनावाचा दरोडेखोर, याच्याविषयी सविस्तर लिहितो, कारण त्याच्या बाबतीत तुरुंगाने काय दडवले ते कागदोपत्री सिद्ध झाले आहे.

नोव्हेंबर १८७९ मध्ये स्कॉट आणि त्याचे तरुण साथीदार, उपाशी आणि कामाच्या शोधात, व्हिक्टोरियातून पायी न्यू साउथ वेल्समध्ये आले. वॉन्टाबॅजेरी नावाच्या मोठ्या पशुपालन केंद्रावर त्यांना आसरा नाकारला गेला आणि त्यांनी तिथल्या लोकांना ओलीस धरले. पोलिसांशी झालेल्या चकमकीत एक हवालदार प्राणघातक जखमी झाला, स्कॉटचे दोन साथीदार मारले गेले. त्यांपैकी एक जेम्स नेसबिट. नेसबिट पडल्यावर स्कॉट त्याच्याजवळ बसून रडला, असे तेव्हाच्या वृत्तांत नोंदलेले आहे.

डार्लिंगहर्स्टच्या कोठडीत फाशीची वाट पाहताना त्याने बरीच पत्रे लिहिली. नेसबिटच्या आईला लिहिले, मित्रांना लिहिले आणि वारंवार एकच विनंती केली: मला गंडगाय इथे नेसबिटच्या शेजारी पुरावे. नेसबिटच्या केसांची अंगठी त्याच्या बोटात होती. २० जानेवारी १८८० रोजी त्याला थॉमस रोगन याच्यासह फाशी देण्यात आली. विनंती मान्य झाली नाही आणि त्याला सिडनीच्या रूकवुड दफनभूमीत पुरले गेले. पत्रे अधिकाऱ्यांनी पुढे पाठवलीच नाहीत. ती सरकारी दप्तरात पडून राहिली आणि जवळजवळ शंभर वर्षांनी अभ्यासकांच्या हाती लागली. १९९५ मध्ये काही लोकांच्या खटपटीने त्याचे अवशेष गंडगायला नेऊन पुन्हा पुरण्यात आले.

हवालदाराच्या मृत्यूची जबाबदारी त्याच्या टोळीवर होतीच आणि ती मी हलकी करू इच्छित नाही. पण मरणाच्या दारातल्या माणसाची पत्रे अडवून ठेवण्याने कोणता न्याय साधला? ती पत्रे टिकली, हे मात्र आपले भाग्य. जाळली असती तर आज या माणसाचे फक्त टोपणनाव उरले असते.

काव्यशोधक

फाशी गेलेल्यांचीच चर्चा होत आहे, म्हणून किरकोळ शिक्षांकडे लक्ष वेधतो. तुरुंगातली खरी गर्दी त्यांचीच असे. कवी आणि कथाकार हेन्री लॉसन १९०५ ते १९०९ या काळात अनेकदा इथे कोंडला गेला. कारण काय, तर दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी आढळणे आणि विभक्त पत्नी व मुलांच्या पोटगीची रक्कम न भरणे. देशाचा सर्वांत लाडका लेखक, पण कोठडीत तो केवळ एक क्रमांक होता. त्या क्रमांकावरच त्याने पुढे एक दीर्घ कविता लिहिली, तीत अपुरे अन्न, सक्तीचे मौन आणि आत खचत जाणारी माणसे यांचे थेट वर्णन आहे. त्याची पत्नी बर्था हिची बाजूही इथे नोंदवायला हवी. दोन मुलांना घेऊन तिला पोटगीसाठी न्यायालयात जावे लागले होते.

१९६६ मध्ये ऑस्ट्रेलियाने दशमान चलन आणले तेव्हा दहा डॉलरच्या कागदी नोटेच्या एका बाजूला फ्रान्सिस ग्रीनवे होता आणि दुसऱ्या बाजूला लॉसन. ग्रीनवे हा बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्याबद्दल हद्दपार होऊन आलेला वास्तुविशारद, हाइड पार्क बराकी त्याच्याच. राष्ट्राने आपल्या नोटेवर हद्दपार झालेला आणि तुरुंगात खितपत पडलेला, अशा दोघांना मान दिला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

तसेच, ‘बुलेटिन’ साप्ताहिकाचे संस्थापक जे. एफ. आर्चिबाल्ड आणि जॉन हेन्स यांनाही १८८२ मध्ये अब्रुनुकसानीच्या दाव्याचा खर्च भरता न आल्यामुळे याच तुरुंगात राहावे लागले होते.

दप्तरदार

काव्यशोधक यांचा मुद्दा योग्य आहे आणि त्याला जोडून सांगण्यासारखे बरेच आहे. १८९६ मध्ये फ्रेडरिक नाइटेनस्टाइन हे वसाहतीच्या तुरुंगांचे प्रमुख झाले. त्यांनी आग्रहाने मांडले की दारुडे, मनोरुग्ण, वृद्ध आणि निराधार यांची जागा तुरुंगात नाही. त्यांना उपचार आणि आश्रय हवा. दीर्घ एकांतवासही त्यांनी कमी केला. त्याआधी लांब मुदतीच्या कैद्याला पहिले नऊ महिने बेरिमा इथल्या वालुकाश्मी तुरुंगात एकांतात काढावे लागत. लाँग बे इथल्या नव्या तुरुंगांची उभारणीही त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाली: तिथे स्त्रियांसाठीचे सुधारगृह १९०९ मध्ये आणि पुरुषांचा तुरुंग १९१४ मध्ये सुरू झाला, आणि डार्लिंगहर्स्ट रिकामे झाले.

इतिहास माणसांपासून सांगण्यासाठी लागणारे साहित्यही उपलब्ध आहे. १८७० च्या दशकापासून डार्लिंगहर्स्टमध्ये कैद्यांची छायाचित्रे काढून नोंदवह्यांत चिकटवली जाऊ लागली. नाव, जन्मस्थान, कोणत्या जहाजाने आला, धर्म, व्यवसाय, शिक्षण, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा आणि आधीच्या शिक्षा, हे सगळे एका पानावर. न्यू साउथ वेल्सच्या राज्य अभिलेखागारात या वह्या जपलेल्या आहेत. एखाद्या मोलकरणीचे किंवा खलाशाचे हयातीतले एकमेव छायाचित्र त्या वहीत असण्याची शक्यता फार मोठी आहे.

रानवाटा

इथवरच्या चर्चेत ही जमीन कोणाची होती ते आलेले नाही. ती गाडिगल या इथल्या मूळ रहिवासी लोकांची. वसाहतीच्या कायद्याने मूळ रहिवाशांना ज्या प्रकारे वागवले त्याचा विचार केल्याशिवाय या तुरुंगाचा इतिहास अपुरा राहतो.

जिमी गव्हर्नर याचे प्रकरण सर्वांना ऐकून माहीत असेल. मूळ रहिवासी वडील आणि अर्धी आयरिश, अर्धी मूळ रहिवासी आई यांच्या पोटी जन्मलेल्या या तरुणाने गोऱ्या मुलीशी लग्न केले होते. कुंपण घालण्याचे कंत्राट, त्यातले वाद आणि पत्नीला सोसावे लागलेले अपमान यांची परिणती जुलै १९०० मध्ये ब्रीलाँग इथल्या भीषण हत्याकांडात झाली. मारल्या गेलेल्यांत स्त्रिया आणि मुले होती आणि त्या क्रौर्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. सुमारे तीन महिन्यांच्या पाठलागानंतर तो पकडला गेला, नोव्हेंबरात दोषी ठरला, आणि १८ जानेवारी १९०१ रोजी डार्लिंगहर्स्टमध्ये फासावर गेला. १ जानेवारीला ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले होते, त्याला तीन आठवडेही झाले नव्हते. ज्या नव्या राष्ट्राचा तेव्हा उत्सव चालू होता, त्याच्या राज्यघटनेत मूळ रहिवाशांना लोकसंख्येच्या गणनेतून वगळणारे कलम होते आणि ते १९६७ च्या सार्वमताने निघाले.

आजही ऑस्ट्रेलियाच्या लोकसंख्येत चार टक्क्यांच्या आसपास असलेले हे लोक तुरुंगातल्या प्रौढांत मात्र एक तृतीयांशाच्या आसपास आहेत. डार्लिंगहर्स्ट बंद झाले, पण तिथला हा प्रश्न मिटलेला नाही.

शिल्पी

अश्मक यांच्या दुसऱ्या प्रश्नाकडे अजून कोणी वळलेले नाही, म्हणून लिहिते. माझ्या मते कलाशाळा हा या जागेचा योग्य वापर आहे, आणि ती सोय म्हणून नाइलाजाने झालेली गोष्ट राहिली नाही. १९२२ मध्ये इथे ईस्ट सिडनी टेक्निकल कॉलेज सुरू झाले. पुढच्याच वर्षी इंग्लंडहून रेनर हॉफ हा शिल्पकार शिकवायला आला. हाइड पार्कमधल्या अँझॅक स्मारकाची, म्हणजे युद्धस्मारकाची, शिल्पे त्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या आणि साहाय्यकांच्या मदतीने घडवली. १९३४ मध्ये उघडलेल्या त्या स्मारकाच्या मध्यभागी ढालीवर निपचित पडलेला, विवस्त्र तरुण सैनिक आणि त्याला तोलून धरणाऱ्या स्त्रिया आहेत. देशाने शोकासाठी जी प्रतिमा स्वीकारली तिची जडणघडण जुन्या तुरुंगाच्या आवारात झाली.

व्यावहारिक बाजूही आहे. कोठड्यांच्या जाड भिंती, सारखा प्रकाश देणाऱ्या उंचावरच्या खिडक्या आणि धुळीची पर्वा न करणारी दगडी जमीन शिल्पकामाला अनुकूल असते. जॉर्ज स्ट्रीटवरचा जुना तुरुंग वापरात नव्हता म्हणून नाहीसा झाला. इथे शाळा आली नसती तर ही जागा शहराच्या वाढत्या भावाला बळी पडली असती, असे मला वाटते.

स्पष्टोक्ती

शिल्पी, वास्तू टिकली हे मान्य. पण टिकवण्यासाठी काय द्यावे लागले तेही पाहा. हेमलता यांनी लिहिलेच आहे की स्त्रियांच्या इमारतीतल्या कोठड्या काढून टाकल्या. मेटलंडचा वालुकाश्मी तुरुंग १८४८ पासून १९९८ पर्यंत चालू होता आणि आता तो तुरुंग म्हणूनच दाखवला जातो. तिथे कोठडीत उभे राहिल्यावर तिची लांबी-रुंदी अंगाला समजते. डार्लिंगहर्स्टमध्ये तो अनुभव अनेक ठिकाणी घेता येत नाही. शाळा असावी, पण एक तरी इमारत मूळ स्वरूपात, रिकामी ठेवायला हवी होती.

शिल्पी

रिकामी इमारत पाहायला येणारा माणूस अर्ध्या तासात परत जातो. विद्यार्थी तिथे काही वर्षे रोज वावरतात आणि त्या भिंतींना बोलते करण्याची कुवत त्यांच्यात असते. मात्र एका गोष्टीत तुमच्याशी सहमत आहे: त्यांना हा इतिहास शिकवला गेला पाहिजे, नाहीतर वावरूनही काही कळणार नाही.

अश्मक (धागाकर्ता)

एवढ्या अभ्यासपूर्ण प्रतिसादांबद्दल सर्वांचा ऋणी आहे. वास्तुवेध आणि अश्मसखी यांचे म्हणणे वाचूनही माझा आग्रह कायम आहे, फक्त आता तो नेमक्या शब्दांत मांडता येतो. या वास्तूची ओळख करून देणारी फेरी मुख्य दरवाजापासून सुरू होऊ नये. ती शेजारच्या न्यायालयापासून सुरू व्हावी. तेही लुइस यांनीच ग्रीक शैलीत रचले आहे आणि आरोपींना नेण्या-आणण्यासाठी ते तुरुंगाला भुयाराने जोडलेले होते. पाहुण्याने आधी आरोपीच्या पिंजऱ्याजवळ उभे राहावे, लुइसा कॉलिन्स यांच्या खटल्याची हकिगत ऐकावी, नंतर भुयारातून आवारात यावे आणि मग भिंतीवरच्या खुणा, कोठड्या, चॅपल असे पाहावे. कोण आत गेले आणि कोणाच्या निर्णयाने गेले हे आधी कळले, की दगडाचे सौंदर्य पाहताना नजर वेगळी राहते. नोंदवह्यांतली छायाचित्रे त्या-त्या इमारतीच्या दाराशी लावावीत, असेही सुचवतो. नॅचबुलच्या बाबतीत एलन जेमिसन यांचे नाव आधी यावे.

हेमलता_र

पूर्ण अनुमोदन. स्त्रियांच्या इमारतीच्या दाराशी लावायच्या छायाचित्रांत भटकंतीच्या कायद्याखाली पुन्हा पुन्हा आत आलेल्या स्त्रियाही असाव्यात. त्यांच्यावर कोणी लेख लिहिलेले नाहीत.

वास्तुवेध

अश्मक, कल्पना मनापासून आवडली, पण एक अडचण आहे. न्यायालयाची ती इमारत आजही वापरात असून तिथे गंभीर फौजदारी खटले चालतात. भुयाराची वाट पाहुण्यांसाठी खुली करणे सुरक्षेच्या दृष्टीने जवळपास अशक्य आहे. त्याऐवजी फेरी न्यायालयाच्या खांबांच्या ओसरीसमोर, रस्त्यावर सुरू करता येईल आणि बाहेरच्या भिंतीच्या कडेने फोर्ब्स स्ट्रीटवरच्या दरवाजापर्यंत नेता येईल. वाटेत अश्मसखी यांनी सांगितलेल्या खुणाही दाखवता येतील, आणि १८४४ मध्ये जिथे जमाव उभा होता तिथेच नॅचबुल आणि एलन जेमिसन यांच्याविषयी सांगता येईल.